पोटभाडेकरू

१

मैसूरहून पूर्वेकडे सुमारे २५ किलोमीटरवर बन्नूर नावाचे गाव आहे. कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भाताची शेते आणि ‘बन्नूर कुरी’ या नावाने कर्नाटकभर ख्यात असलेली ठेंगणी मेंढी, या दोन गोष्टींसाठी ते ओळखले जाते. सोमनाथपूरचे होयसळ मंदिर पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा याच गावावरून जातो. पण येथे तो उतरत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीने मला मैसुरात आणून सोडले आणि घरभाड्याच्या हिशेबाने मैसुरातून बन्नूरला. गेली काही वर्षे आमचे बिऱ्हाड येथील एका वठारात आहे.

वठार हा शब्द मराठी माणसास अपरिचित नाही. आपल्याकडे वठार म्हणजे गावाचा एखादा भाग, एखादी वस्ती. सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांत तर ते गावांचेच नाव होऊन बसले आहे. जुन्या मैसूर भागात मात्र वठार म्हणजे एका मालकाच्या आवारात समाईक अंगणाभोवती बांधलेली भाड्याची लहान लहान घरे. पुण्याच्या वाड्यांतील बिऱ्हाडे ज्याने पाहिली आहेत त्यास याहून अधिक सांगावयास नको. चूल प्रत्येकाची वेगळी, दाराचे कुलूप वेगळे. विहीर, दिंडीदरवाजा आणि मालक मात्र सर्वांचे एकच.

मला ज्याविषयी लिहावयाचे आहे तो विषय वस्तुतः संगणकाचा आहे, आणि माझ्यासारख्या कारकुनाने त्यात शिरणे हे थोडे धाडसाचेच म्हटले पाहिजे. पण त्या विषयाचे मर्म मला या वठारात राहिल्यामुळे उमगले. आणि ते उमगण्यास जो विलंब झाला त्यामुळे माझ्या हातून एका तरुणावर अन्याय घडला. म्हणून हा खटाटोप.

मैसूर परिसरात नोकरीनिमित्त आलेल्या काही मराठी कुटुंबांचे आमचे एक लहानसे मंडळ आहे. मंडळास स्वतःची जागा नाही. ग्रंथसंग्रह सभासदांच्या घरोघरच्या कपाटांत विखुरलेला. कोणते पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद एका सेवानिवृत्त गृहस्थांनी वर्षानुवर्षे वहीत ठेवली होती. ती संगणकावर आणावी असे २०१९ मध्ये ठरले. एका सभासदाचा मुलगा तेव्हा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होता. त्याने दोन महिने खपून सगळी वही उतरवून घेतली, शोधण्याची सोय केली, आणि ते सर्व ‘डॉकर’ नावाच्या साधनाने दोन कंटेनरांत व्यवस्थित बांधून दिले. ते ठेवण्यासाठी एक सर्व्हर भाड्याने घ्यावयाचा होता. चिटणीस या नात्याने ते काम माझ्याकडे आले. सरकारी रीतीप्रमाणे मी तीन दरपत्रके मागविली आणि सर्वांत स्वस्त ते स्वीकारले.

वार्षिक सभेच्या दिवशी सर्वांसमक्ष यादी सुरू करावयाची, तर ती सुरूच होईना. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटत आणि सारे थांबे. मुलगा घामाघूम झाला. “काका, माझ्या संगणकावर अगदी नीट चालते हो,” एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. सभेत हशा पिकला. मी इतिवृत्तात लिहिले, ‘यादीचे काम असमाधानकारक आढळले. सबब पूर्वीप्रमाणे वहीच चालू ठेवावी.’ त्या दिवसानंतर तो मुलगा मंडळात आला नाही.

दोष त्याच्या कामात नव्हता. तो कोठे होता हे सांगावयाचे तर थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे.

२

एका यंत्राच्या पोटात अनेक यंत्रे नांदविण्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. तेथे रॉबर्ट क्रीसी, लेस कोमो आदी मंडळींनी सीपी-४० नावाची प्रणाली रचली. १९६७ च्या आरंभी ती वापरात आली, आणि पाठोपाठ सीपी-६७ आली. यंत्र एक, तेही अतोनात महागडे; त्यावर काम करणारे अनेक; आणि प्रत्येकास भास असा की, संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. यालाच ते लोक ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणू लागले; आपण आभासी यंत्र म्हणू.

या आभासी यंत्राच्या आत आणखी एक आभासी यंत्र चालेल काय, हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला, आणि तो केवळ कुतूहलापोटी झाला नाही. आयबीएमच्या ३७० मालिकेतील यंत्रांना आभासी स्मृतीची जोड द्यावयाची होती. त्याची घोषणा २ ऑगस्ट १९७२ रोजी झाली. त्यापूर्वीच त्यासाठी लागणारी प्रणाली लिहून तयार ठेवणे भाग होते, आणि तेही गुप्तपणे. अडचण अशी की, केंब्रिजच्या त्याच यंत्रावर आसपासच्या विद्यापीठांतील बाहेरची माणसेही काम करीत असत. नव्या यंत्राचा सुगावा त्यांस लागता कामा नये. तेव्हा तेथील मंडळींनी एक उतरंड रचली. खऱ्या यंत्रावर सीपी-६७. तिच्या आत, एका आभासी यंत्रात, सीपी-६७ चीच अशी एक आवृत्ती की जी ३७० चे सोंग वठवी. आणि त्या सोंगाच्याही आत, ३७० साठी लिहिलेली तिसरी आवृत्ती. बाहेरच्या विद्यार्थ्यास पहिल्या मडक्याखेरीज काही दिसत नसे. जे यंत्र अद्याप जाहीर झाले नव्हते त्यासाठी आतल्या मडक्यात काम चालू राही.

पुढे १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या उतरंडीचे गणित मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यंत्राच्या खऱ्या अवस्थेस हात घालणारी प्रत्येक आज्ञा जर आपोआप वरच्या नियंत्रकाकडे जाऊन पोहोचत असेल, तर त्या यंत्राच्या आत आभासी यंत्र निर्दोषपणे चालविता येते, आणि काळाच्या मोजमापावर अवलंबून असणाऱ्या गोष्टी वगळल्या तर त्या आभासी यंत्रात पुन्हा दुसरे, असे करीत जाता येते. ज्यांनी आयुष्य कचेरीत काढले आहे त्यांस ही अट ओळखीची वाटेल. कनिष्ठाने आपल्या कक्षेत हवे ते करावे. पण जेथे मुख्यालयाच्या अधिकारास स्पर्श होतो तेथे कागद वर गेलाच पाहिजे. एकही कागद मधल्यामध्ये निकाली निघू लागला की कारभार विस्कटतो.

३

आभासी यंत्र म्हणजे एकेका कुटुंबास दिलेला स्वतंत्र बंगला. विहीर स्वतंत्र, कुंपण स्वतंत्र. म्हणून सुरक्षितही आणि खर्चिकही. प्रत्येक आभासी यंत्रात कार्यप्रणाली संपूर्ण भरावी लागते. लहान कुटुंबांस एवढा थाट परवडत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट निघाली, ती वाड्याची.

आमच्या बन्नूरजवळच्या सोमनाथपूरच्या केशवमंदिराकडे पाहताना मला ही वाट नेहमी आठवते. होयसळ राजा तिसरा नरसिंह याच्या सोमनाथ नावाच्या दंडनायकाने तेराव्या शतकात हे मंदिर उभारले. २०२३ मध्ये बेलूर व हळेबीड येथील मंदिरांबरोबर युनेस्कोने त्यास जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तेथे ताऱ्याच्या आकाराचा चौथरा एकच आहे, मंडपही एकच. आणि त्यावर केशव, जनार्दन व वेणुगोपाल यांची तीन स्वतंत्र गर्भगृहे. एका देवापुढे उभ्या राहिलेल्या भक्तास दुसरा देव दिसत नाही. पण चौथरा खचला तर तिन्ही गाभारे खचतील. कंटेनर नावाची संगणकातील रचना नेमकी अशी आहे. कार्यप्रणालीचा जो मूळ भाग, ज्यास ते लोक कर्नेल म्हणतात, तो सर्वांचा चौथरा. त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक कंटेनरास आपलेच घर तेवढे दिसते.

या वाड्याची पहिली भिंत १९७९ मध्ये उठली. बेल प्रयोगशाळेतून निघालेल्या युनिक्स या कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ नावाची आज्ञा आली. तिच्या योगे एखाद्या प्रोग्रॅमला असे भासविता येई की, फाइलींचे जग या ठिकाणापासूनच सुरू होते. त्याच्या मागे काही नाही. पण ही भिंत पडद्याची होती. युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याचा क्रमांक शून्य, आणि त्यास कोणतेही दार बंद नाही. पडद्याआडचा माणूस जर रूट असेल तर तो पडदा सारून सहज बाहेर येई.

या सर्वाधिकाऱ्यास कोंडण्याचा पहिला विचारपूर्वक प्रयत्न पॉल-हेनिंग कॅम्प आणि रॉबर्ट वॉटसन यांनी केला. मार्च २००० मध्ये आलेल्या फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीत त्यांची ‘जेल’ ही रचना होती. यामागची गरज व्यापारी होती. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यास एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइके ठेवावयाची होती, आणि प्रत्येक गिऱ्हाइकास आपल्या घरात रूटचा मान हवा होता. जेलमध्ये तो मान मिळे. पण त्यास कात्री लावलेली असे. आतल्या रूटने कर्नेलला हात लावावयाचा नाही, जाळ्याची रचना बदलावयाची नाही, नवी तबकडी जोडावयाची नाही. पाठोपाठ २००१ मध्ये जाक जेलिना यांनी लिनक्ससाठी व्हीसर्व्हर काढले. एसडब्ल्यूसॉफ्ट कंपनीने व्हर्चुओझो विकावयास आणले आणि २००५ मध्ये त्याचा गाभा ओपनव्हीझेड या नावाने सर्वांस खुला केला. त्याच वर्षी सन कंपनीच्या सोलारिस १० मध्ये ‘झोन’ आले. थोडक्या पैशांत सर्व्हर मिळण्याचे युग येथून सुरू झाले. गिऱ्हाइकास वाटे, आपण स्वतंत्र सर्व्हर घेतला आहे. वस्तुतः त्यास वाड्यातील एक बिऱ्हाड मिळालेले असे.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. या सर्व मालकांनी भाडेकरू कोठवर मोकळा असावा याचा विचार केला. पण भाडेकरूने आपल्या खोलीत आणखी कोणास ठेवावयाचे ठरविले तर काय, हा विचार बहुतेकांनी केला नाही. सोलारिसच्या झोनमध्ये झोन करता येत नसे. फ्रीबीएसडीने मात्र २००९ मध्ये, आपल्या आठव्या आवृत्तीत, जेलच्या आत जेल करण्याची मुभा दिली, आणि ती देण्याची रीत मोठी शहाणपणाची होती. प्रत्येक जेलच्या सनदेत एक आकडा लिहावयाचा : याने आपल्या पोटात किती जेल करावेत. काहीच लिहिले नाही तर तो आकडा शून्य समजावयाचा. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानेही पोटभाडेकरू ठेवण्याबाबत हाच पवित्रा घेतला होता. आधी मनाई, सवलत पाहिजे तर ती करारातच असली पाहिजे.

४

लिनक्सने निराळा मार्ग धरला. त्याने वाडा एकदम बांधला नाही. एकेक भिंत स्वतंत्रपणे बांधली. या भिंतींना ‘नेमस्पेस’ म्हणतात; आपण नामक्षेत्र म्हणू. फाइलींच्या जोडणीचे नामक्षेत्र २००२ मध्ये आले. यंत्राचे नाव आणि प्रक्रियांचा आपसांतील निरोप यांची नामक्षेत्रे २००६ मध्ये. प्रक्रियांच्या क्रमांकांचे नामक्षेत्र २००८ च्या जानेवारीत, २.६.२४ या कर्नेलबरोबर. या शेवटच्या नामक्षेत्रात उतरंडीची सोय मुळापासूनच होती. वरच्यास खालचे सर्व दिसावेत, खालच्यास वरचे कोणीही दिसू नये, आणि प्रत्येक पातळीवर क्रमांक एकपासून सुरू व्हावा.

भिंती झाल्या, पण पाण्याचे काय? एका बिऱ्हाडाने विहीर उपसून टाकली तर शेजारच्याने करावयाचे काय? त्यासाठी गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये एक काम हाती घेतले. त्याचे नाव प्रथम ‘प्रोसेस कंटेनर्स’ असे होते. गोंधळ टाळण्यासाठी पुढे ‘कंट्रोल ग्रुप’ किंवा सीग्रुप असे ठेवण्यात आले, आणि तेही २.६.२४ मध्येच लिनक्समध्ये समाविष्ट झाले. या कामाचा एक मोठा वाटा आमच्यापासून फार दूर नाही, बंगळुरात, झाला ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. आयबीएमच्या तेथील लिनक्स केंद्रात काम करणाऱ्या श्रीवत्स वड्डगिरी यांनी प्रोसेसरचा वेळ गटवार वाटून देण्याची रीत लिहिली. त्याच केंद्रातील बलबीर सिंह यांनी पावेल एमेलियानोव यांच्यासह स्मृतीच्या वाटपाची. एमेलियानोव हे ओपनव्हीझेडकडील गृहस्थ. स्मृतीची ही व्यवस्था एप्रिल २००८ मध्ये २.६.२५ या कर्नेलमध्ये आली. आज जगातील अगणित सर्व्हरांवर एकाच्या हावरेपणाने दुसरा उपाशी राहत नाही, त्याचे श्रेय ज्यांस द्यावयाचे त्यांत ही नावे आहेत.

सीग्रुपची रचनाही उतरंडीचीच आहे, आणि तिचा नियम आपणांस अर्थसंकल्पाच्या पुस्तकावरून सहज कळेल. मुख्य शीर्षाखाली गौण शीर्ष, त्याखाली उपशीर्ष. उपशीर्षात झालेला खर्च वरच्या प्रत्येक शीर्षात मोजला जातो, आणि खालच्यास कितीही मंजुरी लिहून दिली तरी वरचे अनुदान संपले की ती कागदावरच राहते. पोटभाडेकरूने घेतलेले पाणी मूळ भाडेकरूच्या खात्यावर पडते. मालकास त्याची स्वतंत्र वही ठेवावी लागत नाही.

तरीही सर्वांत अवघड भिंत शिल्लक होती. माणूस आतून रूट आणि बाहेरून सामान्य, अशी दुहेरी ओळख देता आल्यावाचून पोटभाडेकरूचा प्रश्न सुटणार नव्हता. एरिक बीडरमन यांनी कित्येक वर्षे खपून हे ‘युझर नेमस्पेस’ पूर्णत्वास नेले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ३.८ या कर्नेलबरोबर ते लोकांच्या हाती आले. त्याची युक्ती सोपी आहे. समजा, मालकाने एका बिऱ्हाडास १,००,००० पासून पुढचे ६५,५३६ क्रमांक नेमून दिले. आत जो शून्य क्रमांकाचा रूट म्हणून मिरवतो, तो बाहेरून पाहणाऱ्यास १,००,००० क्रमांकाचा एक साधा रहिवासी असतो. उपविभागाचा अधिकारी आपल्या कचेरीत साहेब असतो. दिल्लीच्या मुख्यालयात गेला म्हणजे फाटकावर ओळखपत्र दाखवून इतरांसारखाच आत सोडला जातो. दोन्ही ठिकाणी त्याचे पद खरेच असते.

या युक्तीचे पोटनियमही लक्षात घेण्यासारखे आहेत. पोटभाडेकरूस द्यावयाचे क्रमांक भाडेकरूस मिळालेल्या क्रमांकांतूनच काढून द्यावे लागतात. जे स्वतःपाशी नाही ते पुढे देता येत नाही. आणि ही उतरंड लिनक्सने ३२ पातळ्यांवर थांबविली आहे.

५

आता त्या मुलाच्या यादीकडे वळतो. सोलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा येथील एका परिषदेत डॉकर लोकांस दाखविले. न्हावाशेवा बंदरात ज्या लोखंडी पेट्या जहाजावरून उतरतात त्यांचीच ही कल्पना होती. पेटीत काय आहे याची यारीस पर्वा नसते. पेटी ठराविक मापाची असली की झाले. प्रोग्रॅम आणि त्यास लागणारे सर्व सामान एका पेटीत बंद करावे. ती पेटी कोणत्याही यंत्रावर तशीच उघडावी. ‘माझ्या संगणकावर तर चालते,’ ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची सनातन सबब कायमची संपावी, हाच यामागचा हेतू. ज्या वाक्यास आमच्या सभेत हशा मिळाला, त्या वाक्याची पाळी येऊ नये म्हणून ज्या साधनाचा जन्म झाला, तेच त्या मुलाने वापरले होते.

मग ते चालले का नाही? कारण मी घेतलेला स्वस्त सर्व्हर हा सर्व्हर नव्हताच. तो एक बिऱ्हाड होता. ओपनव्हीझेड पद्धतीच्या कोणा वाड्यातील. त्याचा चौथरा २.६.३२ या क्रमांकाच्या कर्नेलचा, म्हणजे २००९ च्या डिसेंबरातील पिढीचा. डॉकरला निदान ३.१० लागे. बंगल्यात राहणारा आपला चौथरा बदलू शकतो. बिऱ्हाडकरू बदलू शकत नाही. भाडेकरूने कितीही नवे सामान आणले तरी जमीन मालकाची जुनीच राहते. त्यातही २०१५ च्या सुमारास ओपनव्हीझेडच्या लोकांनी आपल्या त्या जुन्या कर्नेलमध्येच डॉकर चालावे अशी सुधारणा केली होती. पण ती मालकाने आपल्याकडे बसवावी लागे आणि त्या त्या बिऱ्हाडापुरती मोकळी करावी लागे. आमच्या मालकाने यांपैकी काही केले नव्हते, आणि मी विचारले नव्हते. दरपत्रकात स्मृती किती, जागा किती, भाडे किती, हे रकाने होते. ‘पोटभाडेकरू ठेवण्यास परवानगी आहे काय,’ हा रकाना नव्हता.

डॉकरच्या आत डॉकर चालविण्याची रीत तर २०१३ मध्येच जेरोम पेताझोनी यांनी दाखवून दिली होती. परंतु तिच्यासाठी आतल्या कंटेनरास जवळजवळ सर्व अधिकार द्यावे लागत. म्हणजे पोटभाडेकरू ठेवावयाचा तर भाडेकरूच्या हाती मालकाच्या घराच्याही किल्ल्या! त्याखेरीज फाइली एकावर एक थर रचून ठेवण्याची डॉकरची जी पद्धत, ती थरांवर पुन्हा थर चढविताना अडखळे. पेताझोनी यांनीच २०१५ मध्ये लोकांस बजावले की, ही रीत वापरण्यापूर्वी दोनदा विचार करा. आपणच काढलेल्या युक्तीविरुद्ध असे लिहिण्यास प्रामाणिकपणा लागतो.

सुरक्षित मार्ग हळूहळू तयार झाला. कॅनोनिकल कंपनीने २०१४ च्या अखेरीस एलएक्सडी जाहीर केले. त्यातील कंटेनर म्हणजे एक संपूर्ण बिऱ्हाड, आणि ते मुळातच दुहेरी ओळखीवर उभे. त्याच्या सनदेत ‘नेस्टिंग’ नावाची एक ओळ आहे. ती ‘होय’ केली की त्या बिऱ्हाडात डॉकरचे कंटेनर नांदू शकतात. फ्रीबीएसडीच्या आकड्याप्रमाणे येथेही मूळ उत्तर ‘नाही’ असेच आहे. थरांची अडचण दूर होण्यास मात्र अधिक काळ लागला. आतल्या रूटला आपले थर स्वतः रचण्याची मुभा लिनक्सने ५.११ या कर्नेलमध्ये, फेब्रुवारी २०२१ मध्ये दिली.

या सावधगिरीचे मोल किती, हे फेब्रुवारी २०१९ मध्ये दिसून आले. डॉकरच्या बुडाशी ‘रनसी’ नावाचा एक लहान प्रोग्रॅम असतो. कंटेनर सुरू करण्याचे काम त्याचे. त्यात असे एक छिद्र सापडले की, कंटेनरातील रूट बाहेरच्या यंत्रावरील हा प्रोग्रॅमच पुसून आपल्या मर्जीचा तेथे ठेवू शके. जगभरच्या सर्व्हरवाल्यांची त्या आठवड्यात धावपळ उडाली. पण ज्यांच्या वाड्यात आतला रूट बाहेर केवळ सामान्य रहिवासी म्हणून नोंदलेला होता, त्यांस या छिद्राची बाधा झाली नाही. चोर घरात शिरला, किल्लीही त्याच्या हाती लागली. पण ती किल्ली त्या घरापलीकडे कोठेच चालत नव्हती.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सीएचरूटपासून आजवर चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोटली. भिंती जाड करण्यात त्यांतील थोडीच खर्ची पडली. उरलेली वर्षे गेली ती मान आणि सत्ता या दोहोंची फारकत करण्यात. जोवर घरात कर्ता असणे म्हणजे वाड्याचा धनी असणे असे समीकरण होते, तोवर मालक भाडेकरूस कर्तेपण देण्यास कचरत होता, आणि भाडेकरू पोटभाडेकरूस. ते समीकरण सुटल्यावर पोटभाडेकरूही निर्धास्तपणे नांदू लागला.

६

हे सर्व मी २०१९ मध्ये का वाचले नाही? खरे सांगावयाचे तर, इतिवृत्त लिहून झाल्यावर विषय संपला असे मी मानले. नोकरीने लावलेली ही सवय आहे. पुढे २०२५ च्या मे-जूनमध्ये आमच्या कर्नाटक परिमंडळातील टपाल कार्यालयांत नवी संगणकप्रणाली प्रथम आली. मैसूरच्या ‘सेंटर फॉर एक्सलन्स इन पोस्टल टेक्नॉलॉजी’ या टपाल खात्याच्याच संस्थेने ती रचली आहे. भारत सरकारच्या मेघराज २.० या मेघव्यवस्थेत ती चालते, आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी तिचा देशभरातील प्रसार पूर्ण झाला. पुण्याला आईकडे पाठवावयाच्या पार्सलासाठी रांगेत उभा असताना तिच्याविषयीचे एक सरकारी पत्रक मी वाचले. ती अनेक लहान लहान स्वतंत्र सेवांची मिळून बनलेली आहे असे त्यात होते. अशा सेवा सामान्यतः कंटेनरांत ठेवतात, एवढे मला त्या मुलाच्या खटपटीवरून ठाऊक होते. मग प्रश्न पडला : ते कंटेनर कशात ठेवतात? ते ज्यात ठेवतात ते कशात? या प्रश्नाचा माग काढीत गेलो, आणि शेवटी आमच्याच सभेतील त्या दोन इंग्रजी ओळींपाशी येऊन पोहोचलो.

आपण सारे परप्रांतात बिऱ्हाड करून राहणारे लोक आहोत. नवी कचेरी, नवी भाषा, नवा मालक. आपले एखादे काम येथे जमले नाही म्हणजे ‘माणूस कमी पडला’ असा शेरा किती सहज मारला जातो, हे आपणांस अनुभवाने ठाऊक आहे. तो शेरा मारण्यापूर्वी त्या माणसाच्या पायाखाली जमीन कोणती दिली होती, हे पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. ज्यांस ती तसदी घेतली जावी असे वाटते, त्यांपैकी मीही एक. आणि माझी पाळी आली तेव्हा मीही घेतली नाही.

तो मुलगा आता बंगळुरात नोकरी करतो. गेल्या महिन्यात मी त्यास पत्र लिहिले. दूरध्वनी करण्याचे धैर्य झाले नाही. त्याने उत्तरादाखल यादीची ती जुनीच पेटी पाठवून दिली, सहा वर्षे जपून ठेवलेली. सोबत एक ओळ होती, ‘काका, या वेळी सर्व्हर घेण्याआधी मला विचारा.’ विचारले. महिना थोडे अधिक भाडे भरून एक आभासी यंत्र घेतले. पेटी पहिल्याच खेपेस उघडली. वहीवाल्या गृहस्थांनी स्वतःच्या अक्षरातील नोंदी पडद्यावर शोधून पाहिल्या आणि आपली एक चूकही दाखवून दिली.

येत्या वार्षिक सभेपुढे चिटणीस म्हणून मी एक दुरुस्ती ठेवणार आहे. २०१९ च्या इतिवृत्तातील ‘यादीचे काम असमाधानकारक आढळले’ हे वाक्य वगळून त्या जागी पुढील वाक्य वाचावे : ‘यादीचे काम समाधानकारक होते. चिटणिसाने घेतलेली जागा अयोग्य होती.’